बेंबीचा हर्निया शस्त्रक्रियेनंतर पुन्हा का होतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेंबीच्या हर्नियाची शस्त्रक्रिया लहान मानली जाते आणि बहुतेकांच्या बाबतीत ती एकदाच करावी लागते. तरीही काही रुग्णांना काही महिन्यांनी किंवा वर्षांनी त्याच जागी पुन्हा फुगवटा दिसतो. हा धोका कोणाला जास्त असतो याची बरीचशी माहिती शस्त्रक्रियेच्या आधीच मिळू शकते, आणि त्यातल्या अनेक गोष्टी शस्त्रक्रियेपूर्वीच्या काही आठवड्यांत सुधारता येतात. म्हणून पुढील उत्तरांत भर त्या आठवड्यांवर आहे. ही माहिती प्रौढांसाठी आहे. लहान मुलांविषयी एक स्वतंत्र प्रश्न शेवटाकडे दिला आहे.

हर्निया ‘परत आला’ म्हणजे शरीरात नेमके काय झाले?

पोटाच्या मध्यरेषेवर, दोन्ही बाजूंच्या उभ्या स्नायूंच्या मधोमध, तंतूंचा एक चिवट पट्टा असतो. जन्मापूर्वी नाळ ज्या वाटेने पोटात शिरते ती वाट याच पट्ट्यात असते, आणि नाळ गळून पडल्यावर ती व्रणाने बंद होते. पोटातला दाब वर्षानुवर्षे वाढलेला राहिला की ही जागा सैल पडते आणि तिथून आधी चरबी व पुढे कधी कधी आतडे बाहेर डोकावू लागते. शस्त्रक्रियेत बाहेर आलेला भाग आत ढकलून छिद्र बंद केले जाते. हर्निया परत येतो तेव्हा एक तर टाके ज्या कडांमधून घातले त्या कडा फाटून छिद्र पुन्हा उघडलेले असते, किंवा छिद्रावर आधारासाठी लावतात ती कृत्रिम धाग्यांची जाळी बसवलेली असल्यास तिच्या कडेबाहेर नवी फट पडलेली असते. म्हणजे आतडे ‘निसटले’ असे नसून पोटाच्या भिंतीची जुळणी टिकलेली नसते. ती का टिकली नाही, हाच खरा प्रश्न आहे.

हे किती जणांना होते?

एकच आकडा सांगणे योग्य ठरणार नाही, कारण तो शस्त्रक्रियेच्या पद्धतीवर आणि रुग्णावर अवलंबून असतो. दोन चांगल्या अभ्यासांवरून अंदाज येतो. स्पेनमध्ये २०० रुग्णांवर झालेल्या आणि २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नुसते टाके घातलेल्या गटात ११ टक्के, तर जाळी बसवलेल्या गटात १ टक्का रुग्णांना हर्निया पुन्हा झाला. २०१८ साली ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपीय अभ्यासात १ ते ४ सेंटिमीटर छिद्र असलेले ३०० रुग्ण होते, त्यात हे प्रमाण टाक्यांच्या गटात १२ टक्के आणि जाळीच्या गटात ४ टक्के आले. अशा अभ्यासांत जोखमीचे अनेक रुग्ण आधीच वगळलेले असतात, हे लक्षात ठेवावे. शिवाय एखादे रुग्णालय ‘आमच्याकडे पुन्हा शस्त्रक्रिया फारच थोड्यांना लागते’ असे सांगते, तेव्हा पुन्हा हर्निया होणे आणि पुन्हा शस्त्रक्रिया होणे या वेगळ्या गोष्टी आहेत. परत आलेला लहान, न दुखणारा हर्निया अनेक जण तसाच ठेवतात आणि तो मोजणीत येत नाही.

छिद्र लहान असेल तर काळजी नाही ना?

काळजी कमी, पण शून्य नाही. युरोप आणि अमेरिकेतील हर्निया संघटनांनी २०२० साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत १ सेंटिमीटरपर्यंतचे छिद्र लहान, १ ते ४ सेंटिमीटरचे मध्यम आणि त्याहून मोठे ते मोठे असे धरले आहे. छिद्र जितके रुंद, तितक्या त्याच्या कडा ताणून जवळ आणाव्या लागतात, आणि ताणलेल्या ऊतींत टाके हळूहळू कापत जातात. येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. बाहेर दिसणारा फुगवटा म्हणजे छिद्र नव्हे. लिंबाएवढ्या फुगवट्याखाली बोटभर छिद्र असू शकते, आणि लठ्ठ व्यक्तीत बाहेर काहीच न दिसता आत मोठे छिद्र असू शकते. त्यामुळे सोनोग्राफी किंवा गरज पडल्यास सीटी स्कॅनमध्ये छिद्राची रुंदी किती आली, हे रुग्णाने विचारून घ्यावे. पुढचे बरेच निर्णय त्या एका मापावर ठरतात.

जाळी बसवलीच पाहिजे का? शरीरात कायमची परकी वस्तू नको वाटते.

ही भीती खेड्यापाड्यांत आणि शहरांतही सारखीच आढळते आणि ती समजण्यासारखी आहे. पण विरलेल्या कापडाचे भोक नुसत्या कडा ओढून शिवले तर शिवण त्याच विरलेल्या धाग्यांवर पडते. ठिगळ लावले तर भार आजूबाजूच्या धडक्या कापडावर जातो. जाळीचे काम हेच आहे. वर सांगितलेल्या दोन्ही अभ्यासांत तिचा फायदा स्पष्ट दिसला, आणि २०२० च्या सूचनांमध्ये बेंबीच्या हर्नियासाठी जाळीची शिफारस आहे. १ सेंटिमीटरपेक्षा लहान छिद्रासाठी मात्र टाक्यांचा विचार करता येतो, असेही त्यात म्हटले आहे.

जाळी वापरली एवढ्यावर काम भागत नाही. ती कोणत्या थरात ठेवली आणि छिद्राच्या कडेपलीकडे किती पसरली, यावर तिचा टिकाऊपणा ठरतो. मध्यम आकाराच्या छिद्रासाठी उघड्या शस्त्रक्रियेत सपाट जाळी पोटाच्या आतल्या पातळ आवरणाच्या बाहेरच्या बाजूस ठेवावी आणि ती सर्व बाजूंनी सुमारे ३ सेंटिमीटर पुढे जावी, अशी शिफारस आहे. छिद्राएवढीच तोकडी जाळी बसवली, तर कडेने हर्निया परत येण्याची शक्यता राहते.

जाळीचे तोटेही सांगितले पाहिजेत. जखमेत पाणी साचणे किंवा जंतुसंसर्ग होणे हे थोड्या रुग्णांत घडते, आणि जाळीला संसर्ग झाला तर उपचार लांबतात. क्वचित जाळी काढावी लागते. तरीही बहुसंख्य प्रौढांसाठी तोल जाळीच्याच बाजूने झुकतो, असे आमचे मत आहे.

वजनाचा इतका आग्रह डॉक्टर का धरतात?

कारण रुग्णाच्या हातात असलेल्या कारणांमध्ये हे सर्वांत मोठे आहे. पोटाच्या आत चरबी साठली की पोटातला दाब चोवीस तास वाढलेला राहतो. खोकला काही वेळ येतो, पण हा दाब झोपेतही असतो. त्वचेखालच्या जाड चरबीला रक्तपुरवठा कमी असल्याने जखम पिकण्याची शक्यता वाढते, आणि पिकलेली जखम हे हर्निया परत येण्याचे स्वतंत्र कारण आहे. लठ्ठपणासोबत मधुमेह, धाप आणि झोपेत श्वास अडकणे हेही अनेकदा असते.

वजन आणि उंचीवरून काढलेला बीएमआय ३५ पेक्षा कमी असावा आणि तोवर ठरवून करायची शस्त्रक्रिया शक्यतो पुढे ढकलावी, असे मार्गदर्शक सूचना सांगतात. आपल्याकडे आणखी एक भाग आहे. भारतीयांमध्ये कमी बीएमआयलाही पोटाभोवती चरबी जास्त साठते, आणि म्हणून भारतात २५ च्या पुढेच लठ्ठपणा धरला जातो. हातपाय बारीक पण पोट सुटलेले, अशा व्यक्तीने ‘माझे वजन तर ठीक आहे’ असे समजू नये. कंबरेचा घेर बघावा. शस्त्रक्रिया तातडीची नसेल, तर तीन-चार महिने जेवण आणि चालणे यांकडे लक्ष देऊन काही किलो उतरवणे हा वाया गेलेला वेळ नाही. तो उपचाराचाच भाग आहे. फार मोठा लठ्ठपणा असेल तर आधी त्यावरील शस्त्रक्रियेचा विचार करावा का, हे सर्जनशी बोलून ठरवावे.

मी विडी-सिगारेट ओढत नाही, फक्त तंबाखू खातो. ते चालते का?

नाही, आणि हा प्रश्न महाराष्ट्रात विशेष महत्त्वाचा आहे, कारण येथे ओढण्यापेक्षा चघळण्याचे प्रमाण पुष्कळ जास्त आहे. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी असली तरी चुन्यासोबत मळलेला तंबाखू, मावा आणि मशेरी यांचा वापर सर्रास आहे. मशेरी लावणाऱ्या अनेक स्त्रिया तिला तंबाखूच समजत नाहीत आणि भूलतज्ज्ञाने ‘तंबाखू खाता का’ असे विचारले तर प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतात. म्हणून प्रश्न विचारणाऱ्याने मशेरीचे नाव घेऊनच विचारावे.

धूम्रपानाचे नुकसान अनेक अंगांनी होते. निकोटिन बारीक रक्तवाहिन्या आकुंचित करते, धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटवतो, जखमेत नवे कोलॅजन (ऊतींना बळकटी देणारे प्रथिन) तयार होण्याचे काम मंदावते आणि वर सततचा खोकला टाक्यांना हिसके देतो. चघळण्याच्या तंबाखूत धूर आणि त्यामुळे होणारा खोकला नसला तरी निकोटिन असतेच, आणि ते रक्तात पोहोचते. शस्त्रक्रियेच्या किमान ४ ते ६ आठवडे आधी धूम्रपान थांबवण्याची शिफारस आहे. तोच नियम तंबाखूच्या सर्व प्रकारांना लावणे शहाणपणाचे आहे. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी सोडून पुरेसा फायदा होत नाही. जखम भरत असतानाही, म्हणजे पुढचे तीन महिने तरी, तो परत सुरू करू नये.

मधुमेह असेल तर शस्त्रक्रिया करूच नये का?

करता येते. साखर नियंत्रणात असलेल्या रुग्णांना चांगला गुण येतो. अनेक सर्जन तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीए१सी ही तपासणी ८ टक्क्यांच्या खाली आल्यावर ठरवून करायची शस्त्रक्रिया करतात, कारण त्यावर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. केवळ त्या दिवसाची उपाशीपोटीची साखर चांगली आली म्हणून समाधान मानू नये.

खोकला, बद्धकोष्ठ आणि लघवीचा त्रास यांचा हर्नियाशी काय संबंध?

तिन्हींमध्ये वारंवार कुंथावे किंवा पोटाला हिसका द्यावा लागतो. चुलीच्या धुरात वर्षे काढलेल्या बायकांची जुनी धाप, दम्याच्या रुग्णाचा हिवाळ्यातला खोकला, प्रोस्टेट वाढलेल्या वृद्धाचे लघवीसाठी जोर लावणे, ही कारणे हर्नियाच्या तक्रारीआड लपून राहतात. साठी ओलांडलेल्या पुरुषाला हर्नियासोबत लघवीची धार बारीक झाल्याचे जाणवत असेल, तर आधी त्यावर उपचार सुरू करावेत. बद्धकोष्ठ नव्याने सुरू झाले असेल किंवा शौचातून रक्त जात असेल, तर त्याची तपासणी हर्नियाच्या आधी व्हायला हवी. शस्त्रक्रियेनंतर वेदनाशामक गोळ्यांमुळेही पोट घट्ट होते; पुरेसे पाणी, पालेभाज्या आणि सर्जनने सांगितल्यास इसबगोल याने ते टाळता येते.

शस्त्रक्रियेनंतर गर्भ राहिला तर?

गर्भारपणात पोटाची भिंत ताणली जाते आणि हर्निया परत येण्याचा धोका वाढतो, हे निश्चित. म्हणून त्रास फारसा नसेल तर आणखी मूल हवे असलेल्या स्त्रीने शस्त्रक्रिया शेवटच्या बाळंतपणानंतर करून घेणे चांगले. बाळंतपणानंतरही लगेच घाई करू नये. स्नायू पूर्ववत होण्यास काही महिने द्यावे लागतात. मात्र हर्निया दुखत असेल किंवा आत जात नसेल, तर ‘अजून एक मूल व्हायचे आहे’ या कारणासाठी थांबणे धोक्याचे आहे. जाळी बसवलेली असताना गर्भ राहिला तर घाबरण्याचे कारण नाही. शेवटच्या महिन्यांत त्या जागी ताण किंवा दुखणे जाणवू शकते, आणि शस्त्रक्रियेची माहिती प्रसूतितज्ज्ञाला आधीच द्यावी.

‘स्नायूंमध्ये अंतर पडले आहे’ असे सोनोग्राफीत लिहिले आहे. त्याने काय फरक पडतो?

पुष्कळ पडतो, आणि नेमकी हीच गोष्ट अनेकदा दुर्लक्षित राहते. पोटाचे दोन उभे स्नायू २ सेंटिमीटरपेक्षा जास्त दूर गेले की त्याला डायस्टॅसिस म्हणतात. दोन-तीन बाळंतपणे झालेल्या स्त्रिया आणि पोट सुटलेले मध्यमवयीन पुरुष यांच्यात ते नेहमी आढळते. उताणे झोपून मान आणि खांदे उचलले की पोटाच्या मधोमध उभा उंचवटा दिसतो, ती त्याची खूण आहे. हा स्वतः हर्निया नसतो. पण त्या पातळ, रुंदावलेल्या पट्ट्यात लहानसा हर्निया नुसत्या टाक्यांनी शिवला, तर टाके कमकुवत ऊतींतच पडतात आणि हर्निया परत येण्याचे प्रमाण लक्षणीय वाढते. अशा रुग्णात छिद्र १ सेंटिमीटरचे असले तरी जाळीचा विचार करावा, असे आम्हाला वाटते. बाळंतिणीचे पोट बांधण्याची आपल्याकडची पद्धत आधार देते, परंतु सुटलेला पट्टा त्याने पुन्हा जुळत नाही.

यकृताचा आजार आणि पोटात पाणी असलेल्यांनी काय करावे?

सिरोसिसच्या (यकृत व्रणांनी कडक होण्याच्या) रुग्णांत जलोदर, म्हणजे पोटात पाणी, झाला की बेंबीचा हर्निया होण्याचे प्रमाण खूप वाढते. अशा सुमारे २० टक्के रुग्णांत तो आढळतो. पाणी आटोक्यात नसताना केलेली शस्त्रक्रिया टिकण्याची शक्यता कमी असते, जखमेतून पाणी झिरपते आणि संसर्गाचा धोका जीवघेणा ठरू शकतो. त्यामुळे मीठ कमी करणे, लघवी वाढवणारी औषधे, गरजेनुसार पाणी काढणे आणि पोषण सुधारणे हे यकृततज्ज्ञाच्या देखरेखीखाली आधी व्हावे. यकृत प्रत्यारोपण लवकरच होणार असेल तर हर्नियाची दुरुस्ती त्याच वेळी करता येते. दारू पूर्ण बंद असणे यात गृहीत आहे. याउलट बेंबीवरची त्वचा पातळ, निळसर किंवा जखमी दिसू लागली, तर ती फुटण्याआधी रुग्णालयात जावे. तेव्हा थांबणे शस्त्रक्रियेपेक्षा धोक्याचे ठरते.

जखम पिकली होती. आता हर्निया परत येईलच का?

येईलच असे नाही, पण शक्यता वाढते, म्हणून अशा रुग्णाने वर्षभर तरी तपासणीला जात राहावे. जखमेखाली पाणी साचून झालेला फुगवटा आणि परत आलेला हर्निया यांत गोंधळ होतो. पहिल्या काही आठवड्यांतला, खोकताना न वाढणारा आणि आत न जाणारा फुगवटा बहुधा पाण्याचा असतो आणि तो आपोआप जिरतो. शंका असेल तर सोनोग्राफीने निदान होते. घरी सुईने पाणी काढण्याचा प्रयत्न कोणी करू नये.

हर्निया परत आला म्हणजे सर्जनची चूकच झाली ना?

कधी कधी तंत्रात उणीव असते: लवकर विरघळणारा दोरा, ताणून घातलेले टाके, तोकडी जाळी. पण सर्व खबरदारी घेऊनही हर्निया परत येऊ शकतो. काही व्यक्तींत कोलॅजनच मुळात कमकुवत असते. त्यांना इतर ठिकाणीही हर्निया झालेले असतात किंवा घरात अनेकांना तो असतो. दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्यांची जखमही नीट भरत नाही. आतडे अडकल्यामुळे मध्यरात्री करावी लागलेली शस्त्रक्रिया ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेइतकी निर्धोक नसते, कारण तेव्हा वजन, साखर, तंबाखू यांपैकी काहीच सुधारण्यास वेळ मिळालेला नसतो. दोष शोधण्यापेक्षा आधीच विचारावे: छिद्र किती रुंद आहे, जाळी वापरणार का, कोणत्या थरात, आणि माझ्या बाबतीत धोका वाढवणारी कोणती गोष्ट दिसते? या प्रश्नांनी चांगला सर्जन नाराज होत नाही.

जड काम केव्हा सुरू करावे?

हलके चालणे त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सुरू करावे. अंथरुणात पडून राहण्याने फायदा होत नाही. जखमेची ताकद मात्र हळूहळू येते: तीन आठवड्यांत ती मूळ ताकदीच्या साधारण एक चतुर्थांश असते आणि तीन महिन्यांत सुमारे ८० टक्क्यांपर्यंत पोहोचते. नुसते टाके घातलेल्या दुरुस्तीचा सारा भार या भरत्या जखमेवर असतो. म्हणून हंडा-कळशी उचलणे, पोती वाहणे, ऊसतोड, हमाली अशी कामे साधारण ४ ते ६ आठवडे टाळावीत आणि नेमकी मुदत सर्जनकडून ठरवून घ्यावी. ज्यांचे पोट रोजच्या मजुरीवर आहे त्यांना हे सांगणे सोपे, पाळणे कठीण असते. त्यांनी शक्य असल्यास शस्त्रक्रियेचा महिना हंगाम संपल्यानंतरचा निवडावा आणि ही अडचण डॉक्टरांना आधीच सांगावी.

कपालभाती आणि सूर्यनमस्कार?

कपालभाती, भस्त्रिका आणि नौली यांत पोटाला जोराचे हिसके बसतात. सर्जनने परवानगी देईपर्यंत, साधारण तीन महिने, ते करू नयेत. दीर्घ श्वसन आणि अनुलोम-विलोम लवकर चालतात. सूर्यनमस्कार व्यायामाच्या क्रमात सर्वांत शेवटी सुरू करावेत.

पोटपट्टा बांधल्याने हर्निया परत येणे टळते का?

टळत नाही. पहिल्या काही आठवड्यांत उठता-बसताना आणि खोकताना त्याने बरे वाटते, एवढाच त्याचा उपयोग आहे.

लहान मुलांच्या बाबतीतही हेच लागू आहे का?

नाही. बाळाच्या बेंबीचा हर्निया बहुधा चार-पाच वर्षांपर्यंत आपोआप बंद होतो. जो होत नाही त्याला सहसा टाके पुरतात आणि तो क्वचितच परत येतो. बेंबीवर नाणे बांधल्याने छिद्र बंद होत नाही; त्वचा मात्र चिघळते.

हर्निया परत आला असेल तर पुढे काय?

फुगवटा आडवे झाल्यावर आत जात असेल आणि दुखत नसेल, तर घाई नसते. फुगवटा अचानक कडक झाला, आत जाईना, त्यावरची त्वचा लाल किंवा काळसर झाली, उलट्या सुरू झाल्या किंवा वारा सरकणे थांबले, तर त्याच तासाला रुग्णालयात जावे आणि तो घरी दाबून आत घालण्याचा प्रयत्न करू नये.

ठरवून केलेल्या दुसऱ्या शस्त्रक्रियेत जाळी जवळजवळ नेहमीच वापरली जाते. आधीची दुरुस्ती समोरून झाली असेल तर यावेळी दुर्बिणीतून, वेगळ्या थरातून जाणे अनेकदा सोयीचे पडते, कारण तिथे जुना व्रण आड येत नाही. दर वेळी ऊती अधिक कमकुवत झालेल्या असतात आणि पुढचा धोका आणखी वाढतो, म्हणून पहिल्या वेळी राहून गेलेली तयारी या वेळी पूर्ण करूनच तारीख घ्यावी. सर्जनकडे जाताना आधीच्या शस्त्रक्रियेचे डिस्चार्ज कार्ड आणि शक्य असल्यास शस्त्रक्रियेची सविस्तर नोंद सोबत न्यावी. छिद्र किती मोठे होते, कोणता दोरा वापरला, जाळी होती का आणि ती कोणत्या थरात ठेवली, हे त्यात लिहिलेले असते.